मुठींतील भूमिति

चार वर्षांच्या मुलापुढें एक संत्रें ठेवावें आणि शेजारीं संत्र्याचें सुरेख रंगीत चित्र ठेवावें. मूल कशाकडे हात करील, हें सांगावयास शिक्षणशास्त्रज्ञ बोलवावा लागत नाहीं. संत्रें उचललें जातें, हुंगलें जातें, दोन्ही तळहातांत फिरविलें जातें. मग तें जमिनीवर सुटतें आणि घरंगळत खाटेखालीं जातें. मूलहि त्याच्या मागोमाग खाटेखालीं शिरतें. एवढ्या वेळांत त्या मुलानें भूमितीचा एक पाठ घेतलेला असतो. ज्याला कोठेंच कोपरा नाहीं, तें कोणत्याहि बाजूनें सोडलें तरी घरंगळतें, हा तो पाठ. तो त्याला शब्दांत सांगतां येत नाहीं, इतकेंच.

शाळेंत मात्र पुष्कळदां हा क्रम उलटा होतो. तेथें वस्तु येत नाहीं, फळ्यावर तिची आकृति येते. गुरुजी खडूनें एक चौरस काढतात, त्याच्या मागें थोडा सरकवून दुसऱ्या चौरसाच्या दोन बाजू काढतात, तीन तिरप्या रेघांनीं दोघांस जोडतात आणि म्हणतात, ‘हा घन.’ आतां या आकृतींत काय दिसतें, तें मोजून पाहण्यासारखें आहे. घनाला सहा पृष्ठें असतात, आकृतींत तीन दिसतात. कडा बारा असतात, दिसतात नऊ. कोपरे आठ असतात, दिसतात सात. शिवाय जीं तीन पृष्ठें दिसतात, त्यांतलींहि दोन तिरपीं निघतात. तीं चौरस आहेत असें गुरुजी सांगतात, पण डोळ्यांना तीं चौरस दिसत नाहींत. ज्या मुलानें घन कधीं हातांत धरलेला नाहीं, त्यानें कडा नऊ आहेत असें उत्तर दिलें, तर त्याची चूक कोणती? त्यानें जें पाहिलें तेंच प्रामाणिकपणें मोजलें. त्याच्या वहीवर लाल फुली पडते. आणि डोळ्यांवर विश्वास न ठेवतां पाठ केलेल्या आंकड्यावर ठेवावा, एवढाच धडा तें त्या दिवशीं शिकतें.

या धड्याचीं फळें पुढें कडू निघतात. वरच्या वर्गांत घनफळाचीं सूत्रें येतात. मूल तीं घोकतें, परीक्षेत लिहितें आणि विसरतें. कारण सूत्रामागें उभी राहील अशी वस्तु त्याच्या मनांत नसते. गणित आपल्यासाठीं नाहीं, अशी त्याची हळूहळू समजूत होते. पण वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या घरीं तर घनफळावांचून चालत नाहीं. विहिरीचें खोदकाम, शेततळ्यांतून निघालेली माती, कणगींत मावणारें धान्य, गाडींत रचलेला कडबा, हीं सगळीं घनफळाचींच उदाहरणें आहेत. ज्याला तीं स्वतः मांडतां येत नाहींत, त्याला दुसऱ्यानें मांडलेल्या आंकड्याखालीं सही करावी लागते. म्हणून बालवर्गांतील हा विषय दिसतो तितका लहान नाहीं.

लहान मुलांच्या हातीं घनाकृति प्रथम द्याव्या, ही गोष्ट जर्मनींतील शिक्षक फ्रीड्रिख फ्रोबेल यानें पद्धतशीरपणें मांडली. त्याचा जन्म १७८२ सालचा. बर्लिन येथें स्फटिकांच्या संग्रहालयांत त्यानें काम केलें होतें, आणि निसर्ग स्वतःच नियमित आकार घडवितो, हें तेथें त्याच्या मनावर ठसलें. १८३७ सालीं त्यानें ब्लांकेनबुर्ग येथें लहान मुलांसाठीं संस्था काढली. १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे बालोद्यान हें नांव दिलें. मुलांना द्यावयाच्या खेळण्यांना तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरींत लांकडाचा गोल, घन आणि या दोहोंच्या मध्यें बसणारी वृत्तचिती. गोल सारखा चंचल, घन सारखा स्थिर. वृत्तचिती आडवी केली तर घरंगळते, उभी केली तर स्वस्थ बसते. म्हणजे दोघांचे गुण तिच्यांत एकत्र येतात. तिसऱ्या देणगींत एक घन आठ लहान घनांत विभागलेला असे. मूल तो मोडी, त्याची खुर्ची करी, पूल करी, आणि शेवटीं पुन्हां मूळचा घन जुळवून पेटींत ठेवी. फ्रोबेल १८५२ सालीं वारला. श्वाइना येथील त्याच्या समाधीवर घन, वृत्तचिती आणि गोल हीच तीन रूपें एकावर एक रचलेलीं आहेत.

इटलींत मारिया माँटेसोरी यांनीं १९०७ सालीं रोमच्या एका गरीब वस्तींत बालगृह उघडलें. त्यांच्या साधनांत गुलाबी मनोरा आहे. एक सेंटिमीटर कडेपासून दहा सेंटिमीटर कडेपर्यंतचे ते दहा घन. मूल ते मोठ्यापासून लहानापर्यंत रचतें. क्रम चुकला तर मनोराच सांगतो, शिक्षिकेला बोलावें लागत नाहीं. त्यांतील सर्वांत मोठ्या घनांत सर्वांत लहान असे १,००० घन मावतील, ही गोष्ट मुलाला त्या वेळीं कोणी सांगत नाहीं. पण दोन्ही घन उचलतांना त्याच्या मनगटाला ती कळलेली असते. डोळे मिटून हातानें ओळखावयाच्या निळ्या घनाकृतिहि याच साधनांत येतात. डॉ. माँटेसोरी १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या. महायुद्धामुळें त्यांचा मुक्काम लांबला आणि येथील अनेक शिक्षकांना त्यांच्याकडून प्रत्यक्ष शिक्षण मिळालें.

महाराष्ट्रांत ही दृष्टि रुजविण्याचें श्रेय ज्यांस जातें, त्या ताराबाई मोडक यांचा वऱ्हाडशीं संबंध होता. विवाहानंतर कांहीं वर्षें त्यांचें वास्तव्य अमरावतीस होतें. पुढें भावनगर येथें गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें, १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें त्यांनीं खेड्यांतील मुलांसाठीं काम आरंभिलें. अनुताई वाघ तेथेंच त्यांना येऊन मिळाल्या. बोर्डीस एक साधाच पण निर्णायक प्रश्न उभा राहिला. विलायती नमुन्याचीं गुळगुळीत रंगीत साधनें महाग. गरिबांचीं मुलें तर शाळेंत येईनात. ताराबाईंनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली, आणि शंख, शिंपले, बिया, पानें, फुलें, खडे, माती यांनाच शिक्षणाचीं साधनें केलें. या अंगणवाडीचें नांव पुढें सर्व देशानें उचललें. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेचीं केंद्रें आज त्याच नांवानें गांवोगांव चालतात. साधन महाग असलें म्हणजेच तें शास्त्रीय, हा भ्रम बोर्डीच्या त्या अंगणांत मोडला.

बोर्डीला समुद्र होता म्हणून शिंपले मिळाले. अमरावती-अकोल्याकडे काय आहे? एकदां नजर फिरविली तर घराघरांत घनाकृतींचा संग्रह मांडलेला आढळतो. वरूड-मोर्शीचीं संत्रीं, गोट्या, बेसनाचे लाडू हे गोल. लाटणें, पायलीचें माप, पाण्याचा पिंप या वृत्तचिती. छपरावरचें कवेलू ही उभी चिरलेली अर्धी वृत्तचितीच. नरसाळें आणि वाण्याची फुटाण्यांची पुडी हे शंकु. आणि खळ्यावर ओतलेली ज्वारी कोणी न सांगतां आपोआप शंकूचा आकार घेते. वीट, आगपेटी आणि साबणाचें खोकें या इष्टिकाचिती. त्या शब्दांतच वीट आहे. इष्टिका म्हणजे वीट आणि चिति म्हणजे रचना. यज्ञवेदीसाठीं विटा कशा रचाव्या हें सांगणाऱ्या शुल्बसूत्रांच्या काळापासून या देशांत भूमिति आणि वीट यांची सोयरीक आहे. अचलपूरजवळचा हौज कटोरा हा अष्टकोनी मनोरा म्हणजे दगडाची अष्टकोनी चितीच होय. सहलीला गेलेल्या मुलांनीं त्याच्या बाजू फिरून मोजाव्या.

कापसाची गाठ तर या प्रांताची ओळखच. जिनांत सरकी निघालेली रुई दाबून तिची चौकोनी गाठ बांधतात. आज एका गाठीचें वजन १७० किलो धरतात. गाठ चौकोनीच कां, गोल कां नाहीं, असा प्रश्न सहा-सात वर्षांच्या मुलांस अवश्य विचारावा आणि उत्तर सांगूं नये. दहा आगपेट्या आणि दहा गोट्या त्यांच्यापुढें ठेवून दोन्ही एकेका डब्यांत रचावयास सांगावें. गोट्यांच्या मधल्या रिकाम्या जागा दिसल्या कीं मुलें स्वतःच उत्तर देतात.

आतां प्रत्यक्ष खेळांकडे वळूं. पहिला खेळ उताराचा. एक फळी विटेवर टेकवून तिरपी करावी आणि घरांतल्या वस्तु एकेक करून वरून सोडाव्या. सोडण्यापूर्वी प्रत्येक वेळीं मुलानें भाकित करावें : घरंगळेल कीं घसरेल? चेंडू कसाहि ठेवला तरी घरंगळतो. लाटणें आडवें ठेवलें तर धांवतें, उताराच्या दिशेनें ठेवलें तर घसरतें. आगपेटी घरंगळत कधींच नाहीं. खरी मौज शंकूची. तो सपाट जमिनीवर आडवा करून ढकलला तर सरळ न जातां आपल्या टोंकाभोंवतीं फेरा घेतो, जणूं खुंट्याला बांधलेला बैल. एक बाजू रुंद आणि दुसरी निमुळती असली म्हणजे रुंद बाजूला त्याच फेऱ्यांत अधिक वाट चालावी लागते, हें त्याचें कारण. कारण सांगण्याची घाई करूं नये. मुलानें तो दहा वेळां फिरविला पाहिजे.

दुसरा खेळ न पाहतां ओळखण्याचा. वऱ्हाडच्या मुलींना हा नवा नाहीं. भुलाबाईच्या दिवसांत गाणीं संपलीं म्हणजे झांकलेला डबा हलवून आंतला खाऊ कोणता, तें आवाजावरून ओळखावयाचें असतें. त्याच धर्तीवर कापडाची एक पिशवी शिवावी, तींत लिंबू, फांसा, लाटण्याचा तुकडा, भोंवरा, आगपेटी असे पांच-सहा जिन्नस घालावे, आणि मुलानें आंत हात घालून एकाचें वर्णन करावें : याला टोंक आहे, याला कोपरे नाहींत, हें एका बाजूनें सपाट आहे. बाकीच्यांनीं ओळखावें. वर्णन करणारा हात येथें डोळ्यापेक्षां अधिक सावध असतो; कारण डोळा वस्तु एका बाजूनें पाहतो, मूठ तिला सर्व बाजूंनीं धरते.

तिसरा खेळ मातीचा. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी माती भिजली म्हणजे चिकट होते, आणि पोळ्यासाठीं बैल करण्याचा हात येथील मुलांना असतोच. मातीचे गोळे, वळ्या, विटा करवाव्या. मग दोन्ही हातांत ताणलेल्या दोऱ्यानें त्या कापवाव्या. गोळा कसाहि कापला तरी कापाची कड वर्तुळ निघते. वळी आडवी कापली तर वर्तुळ, तिरपी कापली तर लांबट अंडाकृति, उभी कापली तर आयत. शंकु टोंकापासून खालीं सरळ कापला तर त्रिकोण. सपाट आकार हे घनाकृतींच्या पोटीं असतात, ही गोष्ट कोणत्याहि व्याख्येपेक्षां तो दोरा अधिक स्पष्टपणें सांगतो. थापून सपाट केलेल्या ओल्या मातीवर वस्तूंचे ठसे उमटवावे, म्हणजे एकाच डब्याचा एक ठसा वर्तुळ आणि बाजूनें लोळविल्यास दुसरा आयत, हेंहि दिसतें.

चौथा खेळ धांड्यांचा. ज्वारीचा हंगाम संपला कीं वऱ्हाडांतील पोरें वाळलेल्या धांड्याची साल काढून तिच्या काड्या करतात, आंतल्या मऊ भेंडाचे तुकडे पाडतात, आणि एकांत एक टोंचून गाड्या बनवितात. फ्रोबेलनें भिजविलेले वाटाणे आणि काड्या घेऊन जें काम योजिलें, तेंच काम येथील गुराख्याच्या पोराला शेतांत आपोआप सुचलेलें आहे. भेंडाचे आठ तुकडे आणि सारख्या लांबीच्या बारा काड्या मिळाल्या म्हणजे घनाचा सांगाडा उभा राहतो. ज्यानें तो एकदां बांधला, तो कडांची संख्या जन्मांत विसरत नाहीं. कारण बारावी काडी हातीं येईपर्यंत सांगाडा अपुरा होता. मग मुलांच्या लक्षांत येतें कीं घन डुगडुगतो. चार तुकडे आणि सहा काड्या घेऊन त्रिकोणी सूची बांधावी. ती हलत नाहीं. चौकोन कलंडतो आणि त्रिकोण टिकतो, हेंच घराच्या कैच्या त्रिकोणी असण्याचें कारण आहे, आणि त्याचा शोध येथें भेंडाच्या तुकड्यांवर लागतो. साल सोलतांना तिची धार हाताला कापते, म्हणून तें काम मोठ्यानें करून द्यावें.

पांचवा खेळ खोकीं उलगडण्याचा. साबणाचें किंवा चहाचें रिकामें खोकें कडांवर सोडवून सपाट पसरावें, पृष्ठें मोजावीं आणि पुन्हां मिटावें. मोठ्या मुलांनीं सहा सारखे चौरस कागदावर जोडून कोणत्या मांडणींतून घन मिटतो आणि कोणत्या मांडणींतून मिटत नाहीं, हें शोधावें. अशा एकंदर ११ निरनिराळ्या मांडण्या आहेत. एका बैठकींत सर्व सांपडत नाहींत, आणि सांपडूंहि नयेत.

नांवांचा प्रश्न येथें येतो. मराठींत पोळी गोल, बांगडी गोल, चेंडू गोल आणि खांबहि गोल. डबा चौकोनी आणि पाटीहि चौकोनी. तेव्हां मूल चेंडूला आणि पोळीला एकच शब्द लावतें, यांत त्याचा दोष नाहीं. तो आपल्या बोलण्याचा प्रघात आहे. तें सुधारण्यासाठीं प्रथम पारिभाषिक शब्द लादूं नयेत. ‘चेंडूसारखें गोल’, ‘पोळीसारखें गोल’, ‘लाटण्यासारखें गोल’ असा भेद बोलण्यांत रूढ करावा. भेद मनांत पक्का झाला कीं वृत्तचिती, शंकु, इष्टिकाचिती हे शब्द सहज बसतात, कारण बसावयाला आंत जागा तयार असते. नांव देतांना तीन पायऱ्या उपयोगी पडतात : ‘हा शंकु’ असें सांगणें, ‘शंकु दे’ असें मागणें, आणि शेवटीं ‘हें काय?’ असें विचारणें. पुष्कळ शिक्षक तिसऱ्या पायरीनेंच आरंभ करतात आणि मूल गप्प कां, म्हणून रागावतात.

मोठ्यांचें काम या खेळांत थोडें आणि कठीण आहे. वस्तु जमवाव्या, वेळ द्यावा आणि हात आवरावा. मुलाचा मनोरा पडूं द्यावा. तो कां पडला हें त्याला सांगण्यापेक्षां पुन्हां रचतांना तें काय बदलतें, इकडे पाहावें. तीन वर्षांच्या आंतील मुलांजवळ मात्र गोट्या, हरभरे, शेंगदाणे, लहान खडे ठेवूं नयेत. तीं सर्व कांहीं तोंडांत घालतात आणि घास घशांत अडकण्याचा धोका खरा असतो. त्यांच्यासाठीं मुठींत न मावणारे कापडी चेंडू आणि गुळगुळीत लांकडी ठोकळे पुरेत. गांवच्या सुताराकडे, म्हणजे वऱ्हाडांतल्या वाढयाकडे, रंध्याखालून आणि करवतीखालून उरलेले तुकडे पडलेले असतात. कडा घासून घेतल्या म्हणजे त्यांतूनच पेटीभर ठोकळे निघतात.

सहा ते आठ वर्षांच्या वयांत खेळाला मापाची जोड द्यावी. सारखे लहान घन घेऊन कड दुप्पट असा मोठा घन रचावयास सांगितला, तर मुलें प्रथम दोन, नंतर चार घन मागतात. पुरे होतात आठ. कड तिप्पट केली तर सत्तावीस लागतात. हा धक्का एकदां हातानें बसला कीं वर्गांतील घनफळाचें सूत्र परकें राहत नाहीं. तांब्यांतील ज्वारी परातींत ओतून ‘आतां जास्त झाली कीं कमी?’ असें पांच वर्षांच्या मुलास विचारावें. तें बहुधा चुकेल. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यानें दाखविल्याप्रमाणें, आकार बदलला तरी परिमाण तेंच राहतें, ही समज साधारणपणें सातव्या वर्षाच्या सुमारास येते. ती समजूत घालून येत नाहीं; पुन्हां पुन्हां ओतून येते. आणखी थोड्या मोठ्या मुलांनीं डब्याइतक्याच तोंडाचा आणि उंचीचा कागदी शंकु करून त्यानें डबा ज्वारीनें भरावा. बरोबर तीन शंकूंत डबा भरतो. सूत्रांतील ‘एक-तृतीयांश’ कोठून आला, तें त्या तिसऱ्या शंकूनंतर विचारावें लागत नाहीं.

२०२२ सालच्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानें तीन ते आठ वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा पाया खेळच ठरविला आहे. ही गोष्ट कागदावर आली, हें चांगलेंच झालें. परंतु त्याच वेळीं घराघरांत मुलांच्या हातीं एक चकचकीत कांच आली आहे. तीवर गोल फिरतात, घन उलगडतात, रंग बदलतात. पण बोटाला सर्वत्र एकच सपाट थंड पृष्ठ लागतें. लिंबू आणि वीट यांचा स्पर्श तेथें एकसारखा. फळ्यावरच्या घनानें निदान आपण हलतों असा दावा केला नव्हता.

वऱ्हाडच्या खेड्यांत साधनांची वाण नाहीं. कवेलू आहे, कणगी आहे, धांडे आहेत, काळी माती आहे. वाण आहे ती संध्याकाळच्या अर्ध्या तासाची, आणि मुलाच्या हातून सांडलेली ज्वारी पुन्हां भरूं देण्याच्या धीराची. तो धीर ज्या घरांत आणि ज्या अंगणवाडींत आहे, तेथील मूल दहा-पंधरा वर्षांनीं आपल्या शेतांतील विहिरीच्या कांठीं उभें राहील, आंत डोकावील आणि किती माती निघाली याचा हिशेब स्वतःच करील. त्याच्या मनांत तेव्हां पुस्तकांतील आकृति नसेल. अंगणांत भरलेला ज्वारीचा डबा असेल.